आधी दस्तऐवज, मग एडिटर

वेबसाठी नवी रिच टेक्स्ट एडिटर लायब्ररी (ब्राउझरमध्ये ठळक, तिरपा असा सजवलेला मजकूर लिहू देणारा, इतर प्रोग्रामरांनी आपल्या संकेतस्थळाला जोडायचा तयार कोड) करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत बोलणं टूलबारवर येतं. ठळक, तिरपं, मथळे, याद्या, तक्ते यांची बटणं कुठे असावीत, मजकूर निवडल्यावर त्याच्यावर छोटी पट्टी तरंगावी का, तिरकी रेघ टंकली की मेनू उघडावा का. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर बोलणं सोपं असतं, म्हणून हे होतं. पण लायब्ररीचा पाया या बोलण्यात कुठेच नसतो. तिच्यात लिहिलेला मजकूर कोणत्या रूपात साठवला जाणार, त्या रूपाचे नियम काय, आणि उद्या ही लायब्ररी नसली तरी तो मजकूर कोणाला वाचता येईल का, हे आधी ठरलं पाहिजे. ते नीट लिहून काढावं, कोडपासून वेगळं प्रसिद्ध करावं, आणि मग त्या रूपाला शोभेल असा एडिटर लिहायला घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

हा केवळ प्रोग्रामर मंडळींच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. बातम्या, रुग्णांच्या नोंदी, अभ्यासाची टिपणं, कार्यालयीन आदेश, कराराचे मसुदे, खाजगी पत्रं हे सगळं लिहिण्याचं फार मोठं काम आज ब्राउझरमधल्या कुठल्या ना कुठल्या चौकटीत होतं, आणि त्या चौकटींच्या मागे मोजक्याच लायब्रऱ्या असतात. त्या लिहिणाऱ्यांनी घेतलेला एखादा किरकोळ वाटणारा निर्णय असंख्य लोकांच्या लिखाणाला लागू होतो. दृष्टिहीन माणसाला तिथे लिहिता येईल का, रोमन नसलेल्या लिपीत टंकताना अक्षरं गळतील का, दहा वर्षांपूर्वीचा दस्तऐवज उघडेल का, हे सगळं तिथेच ठरून जातं. लिहिणाऱ्याला त्यात कोणी विचारत नाही.

आजच्या अडचणींची मुळं थोडी मागे जाऊन पाहावी लागतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली लिहिलेला पहिला ब्राउझर एडिटरही होता. पान वाचायचं आणि तिथल्या तिथे बदलायचं, ही वेबची मूळ कल्पना. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांनी त्यातलं वाचणं तेवढं ठेवलं आणि लिहिणं साध्या मजकुराच्या पेटीपुरतं उरलं. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये ‘कंटेंटएडिटेबल’ हा गुणधर्म आला. पानाच्या कुठल्याही भागाला तो लावला की त्या भागात कर्सर ठेवून टंकता येतं. जोडीला ‘एक्झेककमांड’ ही आज्ञा होती. तिला ‘ठळक कर’ म्हटलं की निवडलेला मजकूर ठळक व्हायचा. इतर ब्राउझरांनी हे पाहून आपापल्या समजुतीनं तसंच काहीतरी केलं. नेमकं काय घडायला हवं याचा लेखी करार त्या वेळी नव्हता. २०१४ साली एचटीएमएल ५ हे वेबपानं लिहिण्याच्या भाषेचं प्रमाण पक्कं झालं, त्यात हा गुणधर्म अधिकृतपणे आला, तरी टंकताना आतली रचना कशी बदलावी हे बरंचसं मोकळंच राहिलं.

याचा परिणाम एका कळीवर पाहता येतो. एन्टर दाबलं की एक्सप्लोरर नवा परिच्छेद करायचा, क्रोम आणि सफारी ‘डिव्ह’ नावाची निनावी चौकट घालायचे, आणि फायरफॉक्स फक्त ओळ तोडणारा टॅग (एचटीएमएलमधली सूचना) टाकायचा. फायरफॉक्सनं ही सवय २०१८ साली बदलली. म्हणजे एकाच संकेतस्थळावर तिघांनी तेच दोन परिच्छेद लिहिले तर डेटाबेसमध्ये तीन वेगळ्या रचना जाऊन बसत. पुढे तो मजकूर छापायचा, ईमेलनं पाठवायचा, मोबाइल ॲपमध्ये दाखवायचा किंवा त्यात शोधायचं म्हटलं की प्रत्येक ठिकाणी तिन्ही रचनांची उस्तवार करावी लागे. ‘एक्झेककमांड’ आज कालबाह्य ठरली आहे. तिनं पेरलेला मजकूर मात्र अजून जागोजागच्या डेटाबेसांमध्ये आहे आणि तो सांभाळणारे लोक अजून त्याच्याशी झगडत आहेत.

ब्राउझरांचं उद्या पूर्ण एकमत झालं तरी एक अडचण उरेलच, कारण ती एचटीएमएलच्या घडणीतली आहे. एक शब्द ठळकही आहे आणि तिरपाही आहे असं धरा. ठळकच्या आत तिरपा, तिरप्याच्या आत ठळक, किंवा शब्दाचे दोन तुकडे करून प्रत्येकाला दोन्ही टॅग, अशा किती तरी प्रकारांनी ते लिहिता येतं आणि पडद्यावर सगळे सारखेच दिसतात. कर्सरचंही तसंच. ठळक शब्दाच्या शेवटी उभा असलेला कर्सर टॅगच्या आत आहे की बाहेर, हे बघून कळत नाही. पण पुढचं अक्षर ठळक उमटणार की साधं, ते त्यावरच ठरतं. अशा मांडणीत ‘हे दोन दस्तऐवज एकच आहेत का’ एवढ्या साध्या प्रश्नालाही खात्रीचं उत्तर नाही. आणि ते उत्तर नसेल तर अनडू (केलेला बदल मागे घेणं), दोन आवृत्त्यांची तुलना, अनेकांनी मिळून लिहिणं, यांतलं काहीच भरवशाचं होत नाही.

गेल्या दशकातल्या चांगल्या लायब्रऱ्यांनी हे ओळखलं. प्रोजमिरर २०१५ साली लोकवर्गणीतून सुरू झाली आणि २०१७ साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली. क्विल आणि फेसबुकची ड्राफ्ट त्याच काळातल्या. फेसबुकच्या कंपनीनं पुढे २०२२ साली लेक्सिकल खुली केली. या सगळ्यांमागचा विचार एकच आहे: दस्तऐवजाचं स्वतःचं मॉडेल, म्हणजे त्याच्या रचनेची मांडणी, स्मृतीत ठेवायचं, तेच खरं मानायचं, आणि ब्राउझरच्या पानावर दिसते ती त्याची फक्त प्रतिमा. प्रोजमिररची मांडणी मला यांत सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. तिथे स्कीमा आधी द्यावा लागतो, म्हणजे कोणत्या घटकाच्या आत कोणता घटक चालतो हे लिहून द्यावं लागतं. परिच्छेदाच्या आतला मजकूर सपाट असतो आणि ठळक-तिरपं या त्यावर लावलेल्या खुणा असतात, त्यांचा क्रमही ठरलेला. त्यामुळे वर सांगितलेला ठळक-तिरप्याचा घोळ तिथे होतच नाही. नवी लायब्ररी करणाऱ्यानं इथून मागे जाण्याचं काही कारण नाही.

पण या पिढीनं एक काम अर्धं सोडलं. मॉडेल आलं, ते मात्र प्रत्येक लायब्ररीचं खाजगी राहिलं. ड्राफ्टचं उदाहरण घ्या. तिचा साठवण्याचा प्रकार असा की मजकुराचे तुकडे एका यादीत, ‘कितव्या जागेपासून किती लांबीपर्यंत ठळक’ अशा नोंदी त्यांच्या सोबत, आणि दुवे वगैरे एका वेगळ्या तक्त्यात. अनेक संकेतस्थळांनी हाच प्रकार थेट डेटाबेसमध्ये ठेवला, कारण लायब्ररी तसाच द्यायची. पुढे ड्राफ्टचं काम थांबलं आणि तिच्या कोडचं भांडार फक्त वाचण्यापुरतं उरलं. लायब्ररी बदलणं ही कोड बदलण्याची बाब असायला हवी होती. ज्यांनी मजकूर त्या रूपात साठवला होता त्यांच्यासाठी ती साऱ्या जुन्या लिखाणाचं स्थलांतर करण्याची बाब झाली. त्या स्थलांतरात काय गळलं हे लेखकाला कळायला काही मार्ग नसतो, कारण तो जुनं लिखाण रोज उघडून तपासत नाही.

क्विलचा ‘डेल्टा’ हा प्रकार याला बराचसा अपवाद आहे. घाल, ठेव, काढ अशा तीनच क्रियांवर तो उभा आहे, त्याचं वर्णन वेगळं लिहिलेलं आहे आणि क्विल न वापरताही तो वाचता येतो. वर्डप्रेसनं २०१८ साली ५.० आवृत्तीत ब्लॉक एडिटर आणला तेव्हा आणखी वेगळी वाट धरली. मजकूर एचटीएमएल म्हणूनच साठतो आणि ब्लॉकच्या सीमा त्यात टिप्पणीच्या रूपानं असतात. त्या एडिटरवर टीका पुष्कळ झाली आणि तीतली काही रास्तही होती. पण एडिटर उद्या गायब झाला तरी लेख कुठल्याही ब्राउझरमध्ये वाचता येईल, ही हमी त्या निर्णयानं दिली. माझ्या लेखी ती कितीतरी सुबक बटणांपेक्षा मोलाची आहे.

तेव्हा नव्या लायब्ररीकडे माझी पहिली मागणी: दस्तऐवजाच्या रूपाचं स्पेसिफिकेशन, म्हणजे नियमांचं लेखी वर्णन, कोडच्या आधी यावं, त्याला आवृत्तीचा आकडा असावा, तो आकडा प्रत्येक दस्तऐवजात लिहिलेला असावा, आणि एचटीएमएलमध्ये जाण्यायेण्याचे नियम त्यातच ठरलेले असावेत. सोबत एक नियम असा हवा की जो घटक ओळखता येत नाही तो एडिटरनं जसाच्या तसा सांभाळावा. हा नियम कागदावर बारीक वाटतो. प्रत्यक्षात काय होतं पाहा. दोघे जण एकच दस्तऐवज उघडून बसलेत. एकाच्या पानावर लायब्ररीची नवी आवृत्ती आहे, तो ‘तळटीप’ हा नवा घटक घालतो. दुसऱ्यानं पान सकाळपासून बंद केलेलं नाही, त्याच्याकडे जुनी आवृत्ती चालू आहे आणि तिच्या स्कीमात तळटीप नाही. जुनी आवृत्ती तो घटक ‘अवैध’ म्हणून काढून टाकते, आणि एकत्र संपादन चालू असल्यानं हे काढून टाकणं सगळ्यांकडे पसरतं. कोणीही काही पुसलेलं नाही, तरी तळटीप गेली. अशी शक्यता मुळातच न ठेवणं हे स्पेसिफिकेशनचं काम आहे, नंतरच्या दुरुस्तीचं नाही.

आता टंकण्याकडे येतो, कारण डिझाइनमधला सर्वांत मोठा मोह इथे आहे. ‘कंटेंटएडिटेबल’ इतकं त्रासदायक असेल तर ते टाकूनच द्यावं, कर्सर आपण काढावा, अक्षरं आपण रंगवावी, असं कोणालाही वाटेल. गूगल डॉक्सनं २०१० च्या नव्या एडिटरमध्ये ते टाकलं आणि २०२१ साली पान कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्रं काढण्याच्या पृष्ठभागावर, रंगवण्याकडे वळत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्यापाशी मोठा चमू आहे, स्क्रीन रीडरसाठी (दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी) वेगळी व्यवस्था उभी करण्याची ताकद आहे. सर्वांसाठी असलेल्या लायब्ररीनं त्यांचा कित्ता गिरवू नये. कॅनव्हासवर काढलेलं अक्षर ब्राउझरच्या दृष्टीनं रंगीत ठिपके असतात. शुद्धलेखन तपासणी, बोलून टंकणं, पानाचं भाषांतर, मजकूर मोठा करून वाचणं, स्क्रीन रीडर, यांतलं सगळं तिथे नव्यानं बांधावं लागतं. आणि जे बांधलं जात नाही त्याची झळ नेमकी त्यांनाच बसते ज्यांचा आवाज बैठकीत नसतो.

शिवाय टंकणं म्हणजे कळ दाबली आणि अक्षर उमटलं एवढं सरळ जगातल्या फार थोड्या लिपींत असतं. जपानी आणि चिनी लिहिणारा उच्चार टंकतो, पर्याय पाहतो, त्यातला एक निवडतो. कोरियनमध्ये एका अक्षराची घडण दोन-तीन कळांत पूर्ण होते. देवनागरीत लिहिणारे अनेक जण रोमन कळांनी उच्चार टंकतात आणि शब्द पुरा होईपर्यंत तो तात्पुरता, खाली रेघ असलेला असतो. अँड्रॉइड फोनवर तर इंग्रजी टंकतानाही हेच चालतं: शब्द ‘कॉम्पोझिशन’च्या, म्हणजे अजून घडत असण्याच्या, अवस्थेत असतो आणि कोणती कळ दाबली हे विचारलं तर ब्राउझर बहुतेक वेळा २२९ हा एकच आकडा सांगतो, म्हणजे ‘कळ कीबोर्डनंच हाताळली’. या अवस्थेत लायब्ररीनं मध्येच पानावरच्या त्या मजकुराला हात लावला, समजा रंग द्यायला किंवा नीटनेटकं करायला, तर कीबोर्डचा धागा तुटतो. शब्द दोनदा उमटतो, कर्सर मागे उडी मारतो किंवा अर्धं अक्षर गिळलं जातं. फक्त इंग्रजी टंकून लॅपटॉपवर तपासणाऱ्या चमूला हे कधी दिसतच नाही, आणि आपल्यापैकी अनेकांनी ‘हा एडिटर मराठीत नीट चालत नाही’ असं म्हणून सोडून दिलेले एडिटर याच कारणानं तसे असतात.

यावर आज बऱ्यापैकी सभ्य मार्ग आहे. ‘बीफोरइनपुट’ ही घटना ब्राउझर बदल करण्याआधी कळवते: मजकूर घालायचा आहे, मागचं अक्षर पुसायचं आहे, ठळक करायचं आहे, आणि पानाच्या कोणत्या भागावर. फायरफॉक्सनं २०२१ साली ती सुरू केल्यापासून सर्व प्रमुख ब्राउझरांत ती आहे. बहुतेक बदल तिथेच अडवून आधी मॉडेलमध्ये करता येतात. कॉम्पोझिशन मात्र अडवायचं नाही. ब्राउझरला त्याचं काम करू द्यायचं, शब्द पक्का झाला की पानावर काय बदललं ते वाचून मॉडेलमध्ये घ्यायचं, आणि तोवर त्या परिच्छेदाचं पुनर्लेखन थांबवायचं. २०२४ च्या सुरुवातीपासून क्रोम आणि एजमध्ये ‘एडिटकॉन्टेक्स्ट’ नावाचा नवा एपीआयही (प्रोग्रामरनं वापरायचा ब्राउझरचा जोड) आहे. त्यात कीबोर्डशी बोलणं आणि पानावर दाखवणं या दोन गोष्टी पहिल्यांदा वेगळ्या काढल्या आहेत. दिशा बरोबर आहे. तरी तो सगळीकडे येईपर्यंत नव्या लायब्ररीनं दोन्ही वाटा आतून एकाच चौकटीत बसवाव्यात आणि वापरणाऱ्या प्रोग्रामरला त्याचा पत्ता लागू देऊ नये.

लिपीचा प्रश्न साठवणीतही शिरतो. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमधली प्रोग्रामिंगची भाषा मजकूर सोळा बिटांच्या एककांत मोजते. ‘क्षि’ वाचणाऱ्याला एक अक्षर वाटतं. आत क, पाय मोडल्याची खूण, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं असतात. आई, वडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाचा इमोजी एकच दिसतो, पण त्याची लांबी ११ भरते. ‘पाचव्या जागेपासून तीन लांबी ठळक’ असं लिहून ठेवलं आणि वाचणारा प्रोग्राम दुसऱ्या भाषेत लिहिलेला असला, तर तो चिन्हं वेगळ्या रीतीनं मोजेल आणि ठळकपणा जोडाक्षराच्या मधोमध जाऊन पडेल. म्हणून कोणतं एकक मोजायचं हे स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलंच पाहिजे. युनिकोड या सगळ्या लिपींच्या चिन्हांना आकडे देणाऱ्या प्रमाणाच्या स्वतःच्या नियमांतही देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याची तरतूद २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आली. तोपर्यंत त्या नियमांप्रमाणे ‘क्षि’चे दोन तुकडे होत.

पुसण्याचा नियम आणखी नाजूक आहे. इमोजीवर बॅकस्पेस दाबली की अख्खं कुटुंब जावं अशी अपेक्षा असते. ‘क्षि’वर दाबली तर फक्त वेलांटी जावी, कारण चूक बहुधा वेलांटीतच झालेली असते आणि अख्खं जोडाक्षर पुन्हा टंकायला लावणं हा जाच आहे. डिलीट कळ पुढून पुसते तेव्हा मात्र पूर्ण अक्षर गेलेलं बरं. हे शहाणपण ऑपरेटिंग सिस्टिमांनी आणि ब्राउझरांनी वर्षानुवर्षांत कमावलं आहे. लायब्ररीनं ‘एक अक्षर पुसणं’ स्वतःच्या मनानं लिहू नये. ब्राउझर कोणता भाग पुसू पाहतो ते विचारावं आणि तेवढाच पुसावा.

पेस्टबद्दल थोडक्यात. गूगल डॉक्समधून मजकूर कॉपी केला की क्लिपबोर्डवरचं एचटीएमएल सगळंच्या सगळं एका ठळक टॅगात गुंडाळलेलं येतं, आणि त्याच टॅगवर ‘वजन साधं’ अशी शैली लिहिलेली असते. टॅग पाहणारा पण शैली न पाहणारा एडिटर पूर्ण लेख ठळक करून टाकतो. वर्डमधून येणाऱ्या मजकुरात याद्या पुष्कळदा याद्या नसतातच, बिंदू आणि मोकळ्या जागा लावलेले परिच्छेद असतात. अशा खाचाखोचा माहीत असणं हे मोठं भांडवल आहे आणि जुन्या लायब्रऱ्यांच्या कोडमधून ते कृतज्ञतेनं उचलावं. सुरक्षेचा भाग यात तडजोड न करण्याचा आहे: बाहेरून आलेलं एचटीएमएल निर्जीव, वेगळ्या दस्तऐवजात उलगडायचं, स्कीमात बसतं तेवढंच घ्यायचं, आणि ते कधीही थेट चालू पानात ओतायचं नाही.

एकत्र संपादनाचा विचार ‘नंतर बघू’ म्हणून टाळला जातो, आणि तिथे लायब्रऱ्या पुरत्या अडकतात. दोघांचे बदल एकमेकांत कसे बसवायचे यावर १९८९ पासून संशोधन आहे. एक घराणं क्रियांचं रूपांतर करणारं, दुसरं प्रत्येक अक्षराला कायमची ओळख देणारं. वायजेएस आणि ऑटोमर्ज या लायब्रऱ्या दुसऱ्या घराण्यातल्या. साध्या मजकुरासाठी दोन्ही उत्तम चालतात. फॉरमॅटिंग आलं की प्रश्न वेगळा होतो. ‘बैठक उद्या सकाळी आहे’ हे वाक्य घ्या. दोघे जण एकाच वेळी काम करतायत. एकानं ‘बैठक उद्या’ ठळक केलं, दुसऱ्यानं ‘उद्या सकाळी’. दोघांना मिळून पहिले तीन शब्द ठळक दिसायला हवेत. ठळकची सुरुवात आणि शेवट अशा अदृश्य खुणा मजकुरातच पेरल्या असतील, तर एकत्र केल्यावर पहिल्याची शेवटची खूण ‘उद्या’नंतर येते, तिथे ठळकपणा संपतो आणि ‘सकाळी’ साधं राहतं. दुसऱ्यानं केलेलं काम त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसं होतं.

दुसरा बारकावा सीमेवरचा. ठळक शब्दाच्या शेवटी कोणी पुढे लिहू लागला तर ते ठळक व्हावं; दुव्याच्या शेवटी लिहू लागला तर दुवा लांबू नये. म्हणजे प्रत्येक खुणेच्या व्याख्येतच ‘ही कडेला वाढते का’ हे लिहिलेलं पाहिजे. इंक अँड स्विच या संशोधन गटानं ‘पेरिटेक्स्ट’ या नावानं या प्रश्नांची पद्धतशीर मांडणी केली आहे आणि नव्या लायब्ररीनं ती वाचल्याशिवाय मॉडेलला हात घालू नये. परिच्छेद तोडण्याचंही तसंच आहे. एन्टर दाबणं म्हणजे ‘जुना परिच्छेद काढ आणि दोन नवे घाल’ असं लिहिलं असेल, तर त्याच क्षणी त्या परिच्छेदात टंकणाऱ्या दुसऱ्या माणसाची अक्षरं काढून टाकलेल्या परिच्छेदात जाऊन पडतात. तोडणं ही मॉडेलमधली स्वतंत्र क्रिया असावी लागते.

पहिल्या आवृत्तीत एकत्र संपादन नसलं तरी हरकत नाही. प्रत्येक बदल साठवता येणारा, उलटवता येणारा आणि दुसऱ्या बदलाच्या पलीकडे सरकवता येणारा असा सुटा घटक मात्र पहिल्या दिवसापासून हवा. अनडूसुद्धा त्यावरच उभं राहतं. चार जण लिहीत असताना मी अनडू केलं तर माझाच शेवटचा बदल मागे गेला पाहिजे, शेजाऱ्याचा नव्हे. दस्तऐवजाच्या जुन्या प्रतींची चळत ठेवून हे जमत नाही.

स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्यांसाठी खऱ्या मथळ्यांची, खऱ्या याद्यांची रचना पानावर असणं हीच निम्मी सोय आहे, आणि मॉडेल नीट असेल तर ती आपसूक मिळते. उरलेली निम्मी मेहनत मागते: टूलबारवर कीबोर्डनं जाता आलं पाहिजे, बाणांनी फिरता आलं पाहिजे, टॅब कळ यादीत आत सरकायला वापरली असेल तर एडिटरमधून बाहेर पडायचा दुसरा मार्ग हवा. चित्रं किंवा तक्ते यांसारख्या घटकांपाशी कर्सर आला की काय निवडलं गेलं ते ऐकू आलं पाहिजे. हे शेवटी जोडता येत नाही, कारण घटक लिहिणाऱ्या प्रत्येक प्लगइनला (लायब्ररीला बाहेरून जोडलेल्या कोडला) त्याची जाणीव हवी. लायब्ररीनं प्लगइनकडून बोलण्याजोगं नाव सक्तीनं मागावं आणि ते नसेल तर घटक नोंदवूच देऊ नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे: इतक्या चांगल्या लायब्रऱ्या असताना आणखी एक कशाला? त्यातल्याच एकीला हातभार लावावा. सर्वसाधारण ॲपसाठी एडिटर हवा असणाऱ्याला मीही हाच सल्ला देईन. टिपटॅपसारखे प्रोजमिररवर उभे असलेले तयार संच त्यासाठी पुरेसे आहेत. पण नव्या लायब्ररीला जागा आहे ती स्पेसिफिकेशनच्या बाजूनं. आज लायब्ररीचं भवितव्य एखाद्या कंपनीच्या धोरणावर किंवा एकट्या माणसाच्या उत्साहावर टांगलेलं असतं. टायनीएमसीई या एडिटर लायब्ररीचा परवाना २०२४ साली सातव्या आवृत्तीत सैल अटींच्या एमआयटीवरून कडक अटींच्या जीपीएलवर गेला. कंपनीला तसा पूर्ण अधिकार होता, आणि कोड सांभाळणाऱ्यांना पैसे मिळाले पाहिजेत यात मला शंका नाही. तिचा मजकूर मुळात एचटीएमएल असल्यानं तिथून बाहेर पडणं निदान शक्य तरी होतं. साठवणीचं रूपच लायब्ररीचं खाजगी असेल तर प्रत्येक निर्णयासोबत लेखकाचा मजकूर ओलीस राहतो. रूप सार्वजनिक असेल तर लायब्ररीनं हवा तो परवाना घ्यावा, हवे ते पैसे मागावेत. लिहिणाऱ्याला सोडून जाण्याची मुभा असते.

सार्वजनिक रूप म्हणजे संकेतस्थळावर टाकलेली कागदपत्रं नव्हेत. इंटरनेटची प्रमाणं घडवताना एक जुनी चांगली पद्धत आहे: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी तेच स्पेसिफिकेशन वाचून वेगवेगळा कोड लिहावा आणि दोन्हीकडे मजकूर तसाच उघडावा. एडिटरच्या क्षेत्रात हे जवळपास कोणी केलेलं नाही. नव्या लायब्ररीच्या आराखड्यात यासाठी वेळ आणि माणसं राखून ठेवावीत.

पहिल्या आवृत्तीत तक्ते नसले, रंग नसले, चित्राभोवती मजकूर वळवता आला नाही तरी चालेल. परिच्छेद, मथळे, याद्या, दुवे आणि तीन-चार खुणा एवढंच असावं, पण ते जपानी, अरबी आणि देवनागरी कीबोर्डवर, फोनवर आणि स्क्रीन रीडरवर रोज तपासलं जावं. आपोआप चालणाऱ्या चाचण्या कॉम्पोझिशनच्या बाबतीत अपुऱ्या पडतात, तिथे प्रत्यक्ष माणसांना बसवावं आणि त्यांना मोबदला द्यावा. त्याच वेळी लायब्ररीशी संबंध नसलेल्या कोणाला तरी स्पेसिफिकेशन हातात द्यावं आणि जावास्क्रिप्ट सोडून दुसऱ्या भाषेत एक छोटा वाचक प्रोग्राम लिहायला सांगावा, जो दस्तऐवज उघडेल, न ओळखलेले घटक सांभाळेल आणि बदल न करता पुन्हा साठवला तर तसाच्या तसा परत देईल. तो लिहिताना त्याला जिथे विचारावं लागेल, तिथे उत्तर त्याला तोंडी देऊ नये, स्पेसिफिकेशनमध्ये लिहावं.